आकृतीकडून वर्णाकडे : मराठी ग्रंथजुळणीच्या संगणकीय स्थित्यंतराचा इतिहास

१. प्रस्तावना

मुद्रणाचे यंत्र बदलले की जुळाऱ्याच्या हाताला नवे वळण लावून घ्यावे लागते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. यंत्राबरोबर लेखनाच्या घटकांची कल्पनाही बदलते, ही गोष्ट मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. अक्षर म्हणून काय मोजावयाचे, कोणते चिन्ह स्वतंत्र मानावयाचे आणि कोणते दुसऱ्याचा अंश समजावयाचे, यांविषयीचे निर्णय प्रत्येक नवे साधन आपापल्या सोयीने घेत असते. हे निर्णय छापलेल्या पृष्ठावर दिसत नाहीत. ते छापखान्याच्या आत राहतात. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांचे त्यांकडे दुर्लक्ष झाले आहे.

मराठीने गेल्या दोनशे वर्षांत अशी अनेक स्थित्यंतरे पाहिली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर काढले. पुढे शिळेची जागा खिळ्यांनी घेतली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्याला असा घाट दिला की, त्याचे नाव काशीपर्यंत आदराने घेतले जाऊ लागले. विसाव्या शतकात मोनो व लायनो ही यंत्रे आली आणि १९८० नंतर संगणक आला. संगणकाच्या युगातही एकच स्थित्यंतर झाले नाही. प्रथम डॉस ही कार्यप्रणाली, तिच्यानंतर विंडोज आणि शेवटी युनिकोड अशा तीन पायऱ्या अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत ओलांडाव्या लागल्या. या प्रत्येक पायरीवर प्रकाशनाच्या आज्ञावल्या, म्हणजे रूढ भाषेत सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्यांनी कोणता मार्ग स्वीकारला आणि त्याचे मराठी लेखनावर कोणते परिणाम झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या इतिहासाचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल. देवनागरी लेखन यंत्रात साठविण्याचे दोन मार्ग आहेत : कागदावर दिसणारी आकृती साठविणे किंवा त्या आकृतीमागील वर्ण साठविणे. शिशाचा खिळा आणि टंकयंत्र ही आकृतीची साधने होती. संगणकावर मराठी आली तेव्हा आरंभीच तिला वर्णाचा मार्ग सापडला होता. परंतु प्रकाशनव्यवसायाच्या निकडीमुळे तो सुटला, आकृतीचा मार्ग पुन्हा रूढ झाला आणि वर्णाकडे परत येण्यास सुमारे दोन दशके लागली. या आडवळणाची किंमत अद्याप पुरती चुकती झालेली नाही.

२. पूर्वपीठिका : खिळा आणि टंकयंत्र

देवनागरी खिळ्यांच्या जुळणीची मूळ अडचण संख्येची होती. रोमन लिपीचा जुळारी शंभर-सव्वाशे खणांत आपले काम भागवीत असे. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे मात्र काना-मात्रांसह अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून कित्येक शे खण मांडलेले असत. अखंड पद्धतीत मात्रा अक्षरासहच ओतलेली असे, तर डिग्री पद्धतीत अक्षर व मात्रा यांचे खिळे निराळे करून ते एकमेकांत बसवीत. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी केलेल्या कामापासून लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटविण्यासाठी केलेल्या खटपटीपर्यंत सर्व प्रयत्नांचा रोख एकच होता : कमीत कमी आकृत्यांत जास्तीत जास्त अक्षरे कशी साधतील? बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरविषयक ग्रंथात या प्रयत्नांचा साक्षेपी परामर्श घेतलेला आढळतो.

टंकयंत्राने ही काटकसर टोकाला नेली. चार-साडेचार डझन कळांत सारी लिपी बसवावयाची म्हटल्यावर अक्षराचे तुकडे करणे अपरिहार्य होते. अर्धा 'ण्' व काना मिळून 'ण'. अर्धा 'भ्' व काना मिळून 'भ'. आणि 'इ'वर रफार चढविला की 'ई'. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर यात विपरीत असे बरेच आहे. 'भ'चा काना आणि 'आ'कारदर्शक काना यांचा परस्परांशी काही संबंध नाही. 'ई' या स्वरात रेफाचा लवलेश नाही. तथापि टंकलेखकाला याचे सोयरसुतक नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. कागदावर शब्द नीट उमटला की यंत्राचे काम संपत असे. कारण तो वाचणार होता तो मनुष्याचा डोळा.

३. डॉसचा काळ : वर्णाचा पहिला स्वीकार

संगणकाने ही स्थिती मुळापासून बदलली. संगणकात लेखन केवळ उमटत नाही. ते साठविले जाते, शोधले जाते, अकारविल्हे लावले जाते आणि एका कामातून दुसऱ्या कामासाठी उचलले जाते. म्हणजेच त्याचा पहिला वाचक डोळा नसून यंत्र असते. देवनागरी यंत्रात ठेवावयाची तर कोणत्या स्वरूपात, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. त्याचे समाधानकारक उत्तर कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात शोधले गेले. रा. म. कृ. सिन्हा व मोहन तांबे यांच्या नावांशी निगडित असलेले हे संशोधन १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आले आणि 'जिस्ट' या नावाने प्रसिद्धीस पावले.

जिस्ट हे डॉसवर चालणाऱ्या संगणकात बसविण्याचे एक कार्ड होते. त्याच्या साहाय्याने मूळ इंग्रजीसाठी केलेल्या आज्ञावल्यांत, त्यांना हातही न लावता, मराठी लिहिता येई. परंतु त्याचे खरे महत्त्व त्यामागील तत्त्वात होते. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था एकच आहे, हे ध्यानात घेऊन प्रत्येक वर्णाला एक संकेतांक देण्यात आला. 'क' हा वर्ण देवनागरीत असो, बंगालीत असो वा तमिळमध्ये असो, त्याचा अंक एकच. लिहिणाऱ्याने वर्ण उच्चाराच्या क्रमाने द्यावेत; अर्धे अक्षर कोठे येते, ऱ्हस्व वेलांटी कोणत्या बाजूला पडते, रफार कोठे चढतो, याचा विचार यंत्राने करावा. याच तत्त्वावर १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरला, आणि 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने आय. एस. १३१९४ या क्रमांकाने मान्य केली.

भाषाशास्त्रज्ञाला या व्यवस्थेत ओळखीची खूण पटेल. वर्णसमाम्नायाची स्थान-प्रयत्नांनुसार केलेली मांडणी प्राचीन वैयाकरणांनी सिद्ध केली होती. इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर एकाच वर्गातील अल्पप्राण व महाप्राण एकाच कळीवर आले, ते त्या मांडणीमुळेच. देवनागरीच्या यांत्रिकीकरणाच्या इतिहासात आकृतीऐवजी वर्ण हे एकक म्हणून स्वीकारले गेल्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रसंग होय.

४. विंडोजचे आगमन आणि आकृतीचे पुनरागमन

इकडे हे घडत असता पाश्चात्त्य मुद्रणव्यवसायात वेगळीच क्रांती झाली होती. अ‍ॅडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा, अ‍ॅपलचा लेझर मुद्रक आणि पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीची पेजमेकर ही आज्ञावली या तिघांच्या संयोगाने १९८५ मध्ये मेजावरील प्रकाशन, म्हणजे 'डी.टी.पी.', अस्तित्वात आले. पेजमेकर १९८७ मध्ये विंडोजवर आला. त्याच वर्षी क्वार्कएक्सप्रेस हा त्याचा प्रतिस्पर्धी मॅकिंटॉशवर अवतरला. पृष्ठ जसे छापले जाणार तसेच पडद्यावर दिसावे, हे या आज्ञावल्यांचे आकर्षण होते. विंडोजची ३.१ ही आवृत्ती १९९२ मध्ये ट्रूटाइप फाँटांसह आली आणि ही सोय सामान्य छापखान्याच्या आवाक्यात आली.

येथे जिस्ट कार्डाचा उपयोग संपला. डॉसच्या पडद्यावर अक्षरे दाखविण्याचे काम कार्डाला आपल्याकडे घेता येत होते. विंडोजमध्ये अक्षर रेखाटण्याचे काम फाँटाकडे होते, आणि त्या काळच्या फाँटाचा नियम कठोर होता. एका फाँटात २५६ जागा, एका जागेस एक आकृती आणि आकृत्यांचा क्रम डावीकडून उजवीकडे. अक्षराने शेजाऱ्यानुसार रूप बदलावे किंवा मागचे चिन्ह पुढे सरकावे, याची त्यात सोय नव्हती. रोमन लिपीला ती नकोच होती.

मराठी ग्रंथव्यवसायाला मात्र पेजमेकर हवा होता. शिशाची जुळणी महाग पडू लागली होती. फोटोटाइपसेटिंगची यंत्रे मोठ्या वृत्तपत्रांनाच परवडत होती. अशा वेळी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', बंगळूरच्या सायबरस्केपची 'आकृती', सी-डॅकची 'आय.एस.एम.' या आज्ञावल्या पुढे आल्या. त्यांची रचना सामान्यतः सारखीच होती. कळफलक आणि पेजमेकर यांच्या मध्ये एक दुभाषा बसे. टंकलेखकाने टंकयंत्राच्या, इन्स्क्रिप्टच्या किंवा रोमन उच्चाराच्या पद्धतीने कळा दाबाव्यात. दुभाष्याने त्यांचे रूपांतर फाँटातील आकृतिक्रमांकांत करून ते पेजमेकरच्या हवाली करावेत. पेजमेकरला ती रोमन अक्षरेच वाटत. फाँटाच्या २५६ जागांत रोमन अक्षरांच्या ठिकाणी देवनागरीचे तुकडे बसविलेले असल्यामुळे पडद्यावर व कागदावर मराठी दिसे.

याला सरधोपट चूक म्हणणे अन्यायाचे होईल. या आज्ञावल्यांमुळे तालुक्याच्या गावीही एका खोलीत ग्रंथजुळणी होऊ लागली. शिशाच्या खिळ्यांना कधीच न मिळालेले अक्षरवळणांचे वैविध्य मराठी मुखपृष्ठांना आणि मथळ्यांना लाभले. जुन्या टंकलेखकांना आपली विद्या टाकून द्यावी लागली नाही. वर्ण आतमध्ये आणि आकृती बाहेर अशी दुहेरी व्यवस्था राखण्याचा प्रयत्नही सी-डॅकने केला. 'इस्फॉक' ही फाँटसंकेतांची प्रणाली त्यासाठीच होती. परंतु पेजमेकरमध्ये एकदा मजकूर गेला की शेष उरत असे ती आकृतीच. टंकयंत्राची पद्धती अशा रीतीने संगणकात पुनश्च प्रविष्ट झाली. फरक एवढाच की, टंकयंत्राचा कागद डोळ्याला वाचता येत होता. संगणकातील नस्ती, म्हणजे फाइल, मूळ फाँटावाचून डोळ्यालाही वाचता येत नव्हती.

५. एका ग्रामनामाचे उदाहरण

हा भेद स्पष्ट होण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील 'जासई' हे ग्रामनाम घेता येईल. नाव लहान आहे, त्यात जोडाक्षर नाही. तरीही तीन प्रणालींत त्याची तीन रूपे होतात.

इस्कीमध्ये ते चार अंकांत साठविले जाते : १८६, २१८, २१५, १६७. यांतील पहिला अंक 'ज'चा, दुसरा कान्याचा, तिसरा 'स'चा आणि चौथा 'ई'चा. युनिकोडमध्येही घटक चारच आहेत : २३३२, २३६६, २३६०, २३१२. अंक बदलले, विश्लेषण तेच राहिले. म्हणूनच इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेणे हे जवळजवळ कोष्टकाचे काम आहे.

आता रेमिंग्टन टंकयंत्राच्या मांडणीवर बेतलेल्या आणि विशेषतः हिंदी मुलखात रूढ असलेल्या 'कृतिदेव' या फाँटात हेच नाव पाहावे. तेथे घटक पाच होतात : ११६, १०७, १०८, ९८, ९०. यंत्राच्या दृष्टीने ही 'टी, के, एल, बी, झेड' अशी पाच रोमन अक्षरे आहेत. पाचवा घटक कोठून आला? 'ई' हा स्वर येथे एक घटक नाही. 'इ' आणि रफार असे त्याचे दोन तुकडे झाले आहेत. हा रफार 'कर्म' या शब्दातील रफाराहून निराळा नाही. त्यामुळे या नस्तीतील सर्व रेफ मोजावयास कोणी बसला, तर 'जासई'मध्येही त्याला एक रेफ सापडेल. त्याचप्रमाणे १०७ हा अंक 'जासई'मध्ये काना आहे. 'भ' किंवा 'ण' लिहिताना मात्र तो त्या अक्षरांच्या उभ्या दंडाचे काम करतो.

श्री-लिपीत, आकृतीत, इस्फॉकमध्ये हे अंक पुन्हा निराळे. प्रत्येक निर्मात्याने आपल्या २५६ जागा आपल्या हिशेबाने भरल्या होत्या. कोणत्या जोडाक्षराला स्वतंत्र जागा द्यावयाची आणि कोणते तुकड्यांनी जुळवावयाचे, याचा निर्णय ज्याने त्याने केला होता. 'आकृती' हे एका आज्ञावलीचे नाव त्या सर्वच वर्गाला लागू पडावे असे होते. एका छापखान्यात जुळविलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कडबोळा दिसे, हा त्या काळातील नित्याचा अनुभव होय.

६. पाश्चात्त्य स्थित्यंतराशी तुलना

प्रकाशनाच्या आज्ञावल्या करणाऱ्यांवर कार्यप्रणालीच्या स्थित्यंतराचे संकट अन्यत्रही आले. त्याच्याशी तुलना केली असता मराठीच्या बाबतीतील विशेष ठळकपणे दिसून येतो. अ‍ॅपलने १९९४ मध्ये आपल्या संगणकाचा मूळ प्रक्रियक बदलून पॉवरपीसी स्वीकारला. २००१ मध्ये कार्यप्रणाली बदलून मॅक ओ.एस. एक्स आणली, २००६ पासून इंटेलचे प्रक्रियक वापरले, आणि २०२० मध्ये तेही सोडून स्वतःचे प्रक्रियक आणले. प्रत्येक वेळी आज्ञावली-निर्मात्यांना आपले काम नव्याने जुळवून घ्यावे लागले. क्वार्कने २००१ च्या बदलाला प्रतिसाद देण्यास विलंब केला. नव्या प्रणालीला अनुरूप अशी त्याची सहावी आवृत्ती २००३ मध्ये आली. अ‍ॅडोबीने मात्र आपल्या इनडिझाइनची दुसरी आवृत्ती २००२ च्या आरंभीच तयार ठेवली होती. या विलंबाने क्वार्कचे बरेचसे ग्राहक इनडिझाइनकडे गेले. त्यानंतरच्या इंटेल-स्थित्यंतरात दोन्ही निर्मात्यांनी फार काळ दवडला नाही : क्वार्कची अनुरूप आवृत्ती २००६ मध्ये आणि अ‍ॅडोबीची २००७ मध्ये बाहेर पडली. दरम्यान जुन्या आज्ञावल्या चालविण्यासाठी अ‍ॅपलने 'रोझेटा' हा भाषांतरक पुरविला होता. तो २०११ मध्ये काढून घेण्यात आला.

या सर्व उलथापालथीत एक गोष्ट अबाधित राहिली. इंग्रजी वा फ्रेंच ग्रंथाचा मजकूर त्याच अंकांत साठविलेला होता. पृष्ठरचना मोडली तरी मजकूर उचलून नव्या घरी नेता येत होता. म्हणून दिरंगाई करणाऱ्या निर्मात्याला ग्राहक सोडून जाऊ शकला. मराठी प्रकाशकाला ही मोकळीक नव्हती. त्याचा मजकूर ज्या निर्मात्याच्या संकेतांत होता त्या निर्मात्याला सोडणे म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रंथांना मुकणे, अथवा ते नव्याने जुळवून घेणे. अनेक आज्ञावल्या संगणकाला लावावयाच्या 'डोंगल' या कुलपाशिवाय चालत नसत. पण खरे कुलूप त्या पेटीत नव्हते, ते संकेतांत होते. स्पर्धा असूनही निर्मात्यांवर बदलाचा दाब मंद राहिला, याचे कारण येथे सापडते.

७. युनिकोड : तत्त्व आणि व्यवहार

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात २३०४ ते २४३१ हे १२८ अंक देवनागरीसाठी राखलेले होते आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. कानपूर-पुण्याच्या परंपरेतील वर्णतत्त्व अशा रीतीने जागतिक प्रमाणात समाविष्ट झाले. वर्णांच्या अंकांवरून योग्य आकृती घडविण्याची शक्ती फाँटात आली ती ओपनटाइप या तंत्रामुळे. विंडोज २००० या आवृत्तीत देवनागरीची सोय प्रथमच अंगभूत मिळाली. तिच्यातील 'मंगल' हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात आणि पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या एन.सी.एस.टी. या संस्थेत त्यांनी भारतीय अक्षरांविषयी जे चिंतन केले, ते २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अखंड चालू होते.

तत्त्व सिद्ध झाले, कार्यप्रणालीही सिद्ध झाली. तरी ग्रंथव्यवसाय जागचा हलला नाही. याचे प्रधान कारण प्रकाशनाच्या आज्ञावल्यांतच होते. पेजमेकरची सातवी व अखेरची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि २००४ मध्ये त्याचा विकास थांबला; त्याला युनिकोडमधील देवनागरी कधीच वाचता आली नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी शक्य झाली ती २०१२ च्या सी.एस. ६ या आवृत्तीत. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला २००० मध्ये जी सोय मिळाली, ती पुस्तक जुळविणाऱ्याला मिळण्यास आणखी बारा वर्षे लागली. या अवधीत लेखक युनिकोडमध्ये लिहू लागला आणि जुळारी आकृतिसंकेतांत जुळवीत राहिला. दोहोंच्या मध्ये परिवर्तक आले. मराठी आज्ञावल्यांच्या निर्मात्यांनी या काळात केलेले जुळवून घेणे मुख्यतः याच स्वरूपाचे होते : जुन्या फाँटांबरोबर युनिकोड फाँट देणे, दोन्ही संकेतांतून टंकलेखनाची सोय ठेवणे आणि मजकूर इकडून तिकडे नेणारे परिवर्तक पुरविणे.

मराठीच्या स्वतःच्याही काही गरजा होत्या, आणि त्या हळूहळू मान्य झाल्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. हिंदीत त्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या शब्दातील तिरप्या रेषेसारखा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिण्याची प्रथा पडली : 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा 'र'ला हलन्त व एक अदृश्य संयोजक जोडून. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द आहेत, आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ' या मराठी वळणाच्या स्वराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्याचा अंक २४१८. त्यापूर्वीच्या मजकुरांत तो 'अ' व चंद्र अशा दोन घटकांनी लिहिलेला आढळतो. 'ल' आणि 'श' यांचा प्रश्न याच्या उलट प्रकारचा आहे. मराठी वळण निराळे असले तरी वर्ण एकच आहे. तेव्हा अंक एकच ठेवून मराठीसाठी वेगळी आकृती दाखविण्याचे काम फाँटाकडे सोपविले गेले. राज्य शासनाने २००९ च्या लिपिविषयक निर्णयात मराठी वळणाची रूपे वापरण्याचे ठरविले, ते या व्यवस्थेत वर्णाला धक्का न लावता पाळता येते. वर्णभेद कोठे आणि केवळ वळणभेद कोठे, हा विवेक यंत्रालाही करावा लागतो, याची ही दोन टोकांची उदाहरणे होत.

८. मधल्या काळातील लेखनाचे भवितव्य

या स्थित्यंतराचा हिशेब केवळ निर्मात्यांच्या नफातोट्यात मांडून भागणार नाही. सुमारे १९९० ते २०१० या काळात मराठीत जे छापले गेले, त्याचा फार मोठा भाग आकृतिसंकेतांत जुळविलेला आहे. छापील प्रती ग्रंथालयांत आहेत. पण ज्यांच्या प्रती थोड्या निघाल्या किंवा निघाल्याच नाहीत, अशा स्मरणिका, अहवाल, निवेदने, पत्रव्यवहार, प्रबंधांचे खर्डे यांचे काय?

वर उदाहरणादाखल घेतलेल्या गावाचाच विचार करावा. जासई ही दि. बा. पाटील यांची जन्मभूमी. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ तारखांना पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या वर्षीची वृत्तपत्रे आज पिवळी पडली असली तरी डोळ्यांनी वाचता येतात. त्या आंदोलनाचे फलित मानली जाणारी साडेबारा टक्के भूखंडांची योजना १९९० च्या दशकात आकाराला आली, आणि तोपर्यंत लेखनाचे साधन बदललेले होते. अशा कोणत्याही चळवळीच्या अभ्यासकाला पहिल्या दशकाची साधने कागदावर आणि तिसऱ्या दशकाची युनिकोडमध्ये सहज मिळावीत, पण मधल्या दशकातील नस्ती हाती येऊनही वाचता येऊ नयेत, अशी स्थिती उद्भवते. विस्मृती येथे काळाच्या अंतरामुळे येत नाही. ती साधनाच्या बदलामुळे येते.

मोडीचा दाखला येथे सहज आठवतो. मोडी छापखान्यात रुळली नाही आणि विसाव्या शतकात व्यवहारातून मागे पडली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल वाचू शकणारे त्यामुळे मोजकेच उरले. तरीही मोडी ही लिपी आहे. ती शिकता येते, आणि २०१४ मध्ये तिलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आकृतिसंकेतांतील नस्ती ही त्याहून अवघड वस्तू आहे. तिची किल्ली एखाद्या फाँटात असते. तो फाँट हरवला तर अक्षरांची संगती अनुमानानेच लावावी लागते. शिवाय मराठी मजकुरात मधूनच इंग्रजी शब्द आला असेल, तर कोणता तुकडा मराठीचा आणि कोणता खरोखरीच रोमन, हे केवळ फाँटाच्या नावावरून कळते. मजकूर साध्या रूपात उचलताना ते नाव गळून पडले की दोहोंचा भेद पुसला जातो, आणि परिवर्तक इंग्रजी शब्दांचेही निरर्थक देवनागरी करून ठेवतो.

यास्तव या नस्तींचे रूपांतर हे यांत्रिक काम न मानता पाठसंपादनाचे काम मानले पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्यांचे मिलान केले. कोणत्या लिपीत कोणत्या अक्षरांचा घोटाळा संभवतो, याचे ज्ञान त्या कार्याचा पाया होते. येथेही तशाच ज्ञानाची गरज आहे. विशिष्ट फाँटात कोणती आकृती कोणत्या दोन वर्णांसाठी वापरली गेली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठविली गेली की नंतर, रफार अक्षरानंतर असताना तो कोणत्या व्यंजनापूर्वी न्यावयाचा, याची कोष्टके व्हावयास हवीत. मूळ नस्ती, तिचा फाँट आणि तिचे रूपांतर ही तिन्ही एकत्र जतन झाली, तरच पुढील अभ्यासकाला रूपांतरातील दोष ताडून पाहता येतील. विद्यापीठांच्या मराठी व भाषाशास्त्र विभागांनी आपापल्या कपाटांतील जुन्या प्रबंधांच्या तबकड्यांपासून या कामास आरंभ करावा, हे उचित होईल.

९. समारोप

मराठी ग्रंथजुळणीच्या या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, उत्तम तत्त्व आधी सापडले म्हणून ते टिकतेच असे नाही. वर्णसंकेताचे तत्त्व १९८८ पर्यंत सिद्ध झाले होते; परंतु ज्या साधनात पृष्ठ घडत होते त्या साधनाने ते स्वीकारले नाही, तोवर व्यवसायाने त्याचा आश्रय केला नाही. ते साधन दुसऱ्या लिपीच्या गरजांतून जन्मलेले असल्याने त्याच्या मर्यादा मराठीला आपल्या म्हणून वागवाव्या लागल्या. आज मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या गटांनी आणि राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी मुक्तपणे वापरता येणारे युनिकोड फाँट उपलब्ध केले आहेत. आकृतीचे सौंदर्य आणि वर्णाची शुद्धता यांतून एकाचीच निवड करण्याची वेळ मराठी प्रकाशकावर यापुढे येण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लेखन कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे उत्तर केवळ लेखकाच्या नावावरून मिळत नाही. ते ज्या संकेतांत साठविले आहे ते संकेत कोणाचे, यावरही ते अवलंबून असते. शिशाचा खिळा छापखान्याच्या मालकीचा होता, पण त्याने उमटविलेले अक्षर सर्वांचे होते. आकृतिसंकेतांच्या काळात ही वाटणी बदलली आणि मजकूरच निर्मात्याच्या स्वाधीन झाला. युनिकोडने तो पुन्हा सर्वांच्या हाती दिला आहे. यंत्रे यापुढेही बदलतील आणि आज्ञावल्यांच्या निर्मात्यांना त्यांच्याशी पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागेल. परंतु लेखन वर्णरूपाने आणि सार्वजनिक संकेतांत राहिले, तर त्या स्थित्यंतराची झळ यंत्रांना लागेल, ग्रंथांना लागणार नाही. मधल्या वीस वर्षांचे लेखन अजून या सुरक्षित बाजूस यावयाचे आहे. ते आणण्यासाठी लागणारी फाँटांची माहिती ज्या जुळाऱ्यांना आणि टंकलेखकांना मुखोद्गत आहे, त्यांची पिढी कामातून निवृत्त होत चालली आहे. म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.